पुण्याचे नाक आणि रक्ताचे पाट

मंडळी, संभाजी महाराजांच्या समाधीमुळे वढू बुद्रुक आपणां सर्वांना ठाऊक आहे. तिथून पुणे म्हणजे बैलगाडीने एका दिवसाची वाट. आजची हकीकत त्या पुण्याजवळचीच, आणि बैल हाकणाऱ्या एका माणसाची आहे.

१७९२ च्या म्हैसूरच्या लढाईत कावसजी नावाचा शेतकरी इंग्रज फौजेत बैल हाकीत होता. तो टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापला गेला. वर्षभराहून अधिक काळ तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या एका वीट पाडणाऱ्या कारागिराने त्याला नवे नाक करून दिले! ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ही कृती चित्रासह छापली गेली. कारागिराचे नाव मात्र तीत नाही.

त्याने मेणाचे नाक चपटे करून कपाळावर ठेवले, भोवती रेघ आखली, तेवढी कातडी सोडवून खाली वळवली. वर काताच्या पट्ट्या, नंतर तुपात भिजवलेल्या. पण खरी मेख निराळीच. दोन भुवयांमधली चिंचोळी पट्टी त्याने सुमारे २५ दिवस तोडली नाही. का बरे? पाट तुटला की वाफा सुकतो, तसेच हे. त्या पट्टीतून कातडीला रक्त मिळत राहिले. तोवर कडेने बारीक नव्या रक्तवाहिन्या आत शिरल्या. १८१४ साली लंडनमध्ये डॉक्टर कार्प्यू यांनी हीच रीत वापरली.

आता पुढचा प्रश्न : पाटच आटला, तर नवा काढता येईल का? १९९७ साली बोस्टनमध्ये आसाहारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांना रक्तातच रक्तवाहिन्या घडवू शकणाऱ्या पेशी आढळल्या. २००२ साली जपानी डॉक्टरांनी हाडातल्या मगजाच्या पेशी रोग्यांच्या पोटरीत टोचल्या. वेदना कमी झाल्या. यांतल्याच काहींना मूळपेशी म्हणतात. पण २०१५ च्या नेदरलँडमधील कसोशीच्या चाचणीत, मगजाच्या पेशी धमनीतून देऊनही पाय कापणे टळले नाही. भारतात २०१६ साली बर्जर रोगासाठी अशा एका औषधाला मर्यादित परवानगी मिळाली.

तेव्हा ‘मूळपेशींनी सगळे बरे करतो’ असे कोणी म्हणाले, तर जमीन गहाण टाकण्याआधी विचारा : याच रोगासाठी याला मान्यता आहे का? आणि गुरुजी, मुलांना एवढे सांगाच : बर्जर रोग बहुतेक विडी-तंबाखूवाल्यांनाच होतो. नवा पाट खणण्यापेक्षा आहे तो राखणे सोपे.