आश्रयाचा कोंडवाडा कसा होतो?

ज्या घरात बुद्धीची वाढ मंदावलेले मूल असते, त्या घरातील आईबापांच्या मनात एक प्रश्न रात्रंदिवस जागा असतो : आमच्या माघारी याचे कसे होणार? मुलाच्या आधी आपण जावे, ही एरवी प्रत्येक आईबापाची इच्छा. या आईबापांना मात्र तिचेच भय वाटते. समाजाने या प्रश्नाला गेल्या पावणेदोनशे वर्षांत जी उत्तरे दिली, त्यांतील सर्वांत मोठे आणि अखेर सर्वांत लाजिरवाणे ठरलेले उत्तर म्हणजे हजारो माणसांना एका आवारात सांभाळू पाहणारी आश्रयगृहे. ती उभारणारे लोक दुष्ट नव्हते; म्हणूनच त्यांचा इतिहास तपासून पाहण्याजोगा आहे. चांगल्या हेतूने उघडलेल्या घराचा कोंडवाडा कसा होतो, आणि एकदा झालेला कोंडवाडा मोडता येतो काय, या दोन प्रश्नांपुरते हे विवेचन आम्ही मर्यादित ठेवणार आहोत.

या इतिहासाचा आरंभ शिक्षणात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी फ्रान्सच्या जंगलात सापडलेल्या एका मुक्या मुलाला पॅरिसच्या डॉक्टर इतारने चिकाटीने शिकवून पाहिले. त्याचाच वारसा सांगणाऱ्या एदुआर सेगँने पुढे बौद्धिक दिव्यांग मुलांसाठी शिक्षणाची पद्धतशीर साधने तयार केली. मारिया माँटेसरीने आपल्या पद्धतीची पहिली बीजे या दोघांच्या ग्रंथांतून घेतली, आणि त्याच पद्धतीचा ओघ पुढे ताराबाई मोडकांच्या बालवाडीपर्यंत आला. आपल्या धडधाकट मुलांनी ज्या साधनांशी खेळत अक्षरे गिरवली, त्यांतील काहींचे मूळ, ज्यांना जगाने अशिक्षणीय ठरवले होते, त्या मुलांच्या शाळेत आहे.

अमेरिकेत सॅम्युअल ग्रिडली हाऊ या डॉक्टराने १८४८ साली बोस्टन येथे अवघी दहा मुले घेऊन अशीच शाळा काढली. त्याची कल्पना स्पष्ट होती : मूल काही वर्षे येथे राहील, अंगावर कपडे चढवण्यास, हाताने जेवण्यास, एखादे काम करण्यास शिकेल आणि आपल्या गावी परत जाईल. १८६६ साली न्यूयॉर्क राज्यातील बटेव्हिया येथे अंधांच्या संस्थेची कोनशिला बसवण्याच्या समारंभात भाषणासाठी त्याला बोलावले असता, त्याने यजमानांना अडचणीत टाकणारा इशारा दिला. एकाच प्रकारच्या व्यंगाची माणसे मोठ्या संख्येने एकत्र कोंडू नका. त्यांना निरोगी समाजात विखरून राहू द्या, असे त्याचे सांगणे होते. कोनशिला अर्थातच बसली.

पुढे काय झाले? मुले मोठी झाली. कित्येकांना परत घेण्यास घर उरले नव्हते. कित्येकांची घरे घेण्यास तयार नव्हती. इकडे संस्थांच्या चालकांनाही एक शोध लागला. शिकून तयार झालेला मुलगा शेतात राबतो, मुलगी धुलाईखान्यात राबते, आणि त्यांच्या श्रमावर संस्था स्वस्तात चालते. जो बाहेर पडण्यास सर्वांत लायक, त्यालाच सोडणे संस्थेला सर्वांत महाग पडू लागले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी सुप्रजननाच्या शास्त्राभासाने यात विष कालवले. या माणसांपासून समाजाचे रक्षण केले पाहिजे, असे विद्वान सांगू लागले, आणि १९२७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या सक्तीच्या निर्बीजीकरणावरही शिक्कामोर्तब केले. शाळेचे आश्रयगृह झाले होते. आता आश्रयगृहाला कुलूप लागले.

न्यूयॉर्क शहरातील स्टेटन बेटावरचे विलोब्रुक हे या परंपरेचे टोक होय. महायुद्धात सैनिकी इस्पितळ म्हणून वापरलेल्या या इमारतींत १९४७ साली संस्था सुरू झाली. तिच्या नावात ‘शाळा’ हा शब्द होता. सुमारे चार हजारांसाठी केलेल्या या वास्तूत साठीच्या दशकात सहा हजारांहून अधिक माणसे भरली होती. १९६५ साली रॉबर्ट केनेडींनी तेथे भेट दिली आणि जे पाहिले त्याची तुलना सापांच्या खड्ड्याशी केली. वृत्तपत्रांत गवगवा झाला आणि शमला. जागा नाही म्हणून नेहमीचा प्रवेश बंद असता, काविळीच्या संशोधनासाठी राखलेल्या विभागात मात्र जागा मिळे. तेथे मुलांना हेतुपुरस्सर त्या रोगाची लागण करून अभ्यास चालला होता. त्या अभ्यासातून वैद्यकाला काविळीच्या दोन प्रकारांचे ज्ञान झाले हे खरे. पण ज्या आईबापांनी संमतीच्या कागदावर सही केली, त्यांच्यापुढे दुसरे कोणते दार उघडे होते?

सत्तरीच्या सुरुवातीस राज्याने काटकसरीसाठी नोकरभरती थांबवली. परिचारक गेले, त्यांच्या जागा रिकाम्या राहिल्या. आईबापांना संघटित करू पाहणाऱ्या मायकेल विल्किन्स या तरुण डॉक्टराला जानेवारी १९७२ मध्ये कामावरून काढून टाकण्यात आले. परंतु त्याच्यापाशी एका इमारतीची किल्ली राहिली होती. ती घेऊन हेराल्डो रिव्हेरा हा दूरचित्रवाणीचा बातमीदार कॅमेऱ्यासह आत गेला, आणि उघडीनागडी, घाणीत बसलेली, भिंतीशी डोके टेकलेली मुले सबंध देशाने पाहिली.

त्या चित्रांइतकेच विल्किन्सने सांगितलेले एक साधे माप आम्हांला महत्त्वाचे वाटते. अशा एका मुलाला नीट भरवायचे तर वीस-तीस मिनिटे लागतात. तेथे प्रत्येकाच्या वाट्याला दोन-तीन मिनिटे येत. घाईने कोंबलेला घास श्वासनलिकेत जाई, त्यातून न्यूमोनिया होई आणि मुले मरत. आपण हिशेब मांडून पाहू. समजा एका दालनात तीस मुले आहेत आणि भरवणारे दोघे. प्रत्येकाला वीस मिनिटे दिली तर एक जेवण उरकण्यास पाच तास लागतील, आणि तीन जेवणांना पंधरा. जगातील सर्वांत मायाळू बाई त्या जागी नेमली, तरी तिला हे साधणार नाही. ती तीन मिनिटांवर येणार, आणि महिन्याभरात तिला त्याची सवयही होणार. आश्रयाचा कोंडवाडा क्रौर्याने होतो त्याहून अधिक वेळा अशा भागाकाराने होतो. क्रौर्य मागाहून, सवय म्हणून येते.

मार्च १९७२ मध्ये आईबापांनी संघीय न्यायालयात दावा लावला. पुढच्याच वर्षी न्यायमूर्ती जड यांनी येथील रहिवाशांना इजेपासून संरक्षण मिळण्याचा हक्क असल्याचे मान्य केले. १९७५ साली राज्य आणि वादी यांच्यात जो संमतिनिवाडा झाला, त्यात तो भागाकारच उलटवण्यात आला. मुले जागी असतील त्या वेळात दर चौघांमागे एक परिचारक असावा. बाहेर काढलेल्यांसाठी वस्तीतच लहान घरे असावीत आणि एका घरात साधारणतः दहा, फार तर पंधरा माणसे असावीत. १९८१ पर्यंत विलोब्रुकमधील संख्या अडीचशेपर्यंत आणावी. सर्वांवर देखरेखीसाठी सात जणांचे स्वतंत्र मंडळ असावे. चार मुले आणि एक माणूस : प्रत्येकाला वीस मिनिटे दिली, तरी जेवण ऐंशी मिनिटांत होते. माणुसकीला अखेर अशी आकड्यांतच जागा करून द्यावी लागते.

मुदत पाळली गेली नाही. विधिमंडळाने १९८० साली देखरेख मंडळाचे पैसेच तोडले. नव्या घरांना शेजाऱ्यांनी विरोध केला, कारण आपल्या जागांचे भाव पडतील असे त्यांना वाटे. तरीही दावा लावणारे हटले नाहीत, आणि १९८७ साली विलोब्रुकचे अखेरचे दार बंद झाले. आज त्या आवारात महाविद्यालय भरते. मेंदूच्या पक्षाघातामुळे ज्याला मतिमंद ठरवले गेले आणि तिसऱ्या वर्षापासून ज्याने अठरा वर्षे तेथे काढली, तो बर्नार्ड कॅराबेलो पुढे आपल्यासारख्यांच्या हक्कांसाठी बोलणारा कार्यकर्ता झाला. १९७२ च्या त्या कॅमेऱ्यापुढे तो स्वतःच्या तोंडाने बोलला होता. त्याला शिकायचे होते, एवढेच त्याचे मागणे.

येथे थांबलो तर गोष्ट गोड होईल, पण ती पुरी होणार नाही. २०११ साली न्यूयॉर्कच्या त्याच लहान घरांत मारहाण आणि हेळसांड होत असल्याचे वृत्तपत्राने उघडकीस आणले. दोषी नोकरांना काढण्याऐवजी एका घरातून दुसऱ्या घरात हलवले जात होते. २०१३ साली राज्याला तक्रारींसाठी स्वतंत्र यंत्रणा उभारावी लागली. घर लहान असणे आवश्यक आहे, पण तेवढ्याने भागत नाही. दार बंद असेल तर दहा माणसांचाही कोंडवाडा होतो.

आपल्याकडे १९९९ साली राष्ट्रीय न्यासाचा कायदा झाला, तो आईबापांच्या त्या जागत्या प्रश्नातूनच. २०१६ च्या कायद्याने समाजात राहण्याचा हक्क दिव्यांगांना दिला. पण या दोन कायद्यांच्या मधल्या काळात, २०१० साली, मतिमंद मुलांच्या बालगृहांतील कुपोषणाच्या आणि मृत्यूंच्या बातम्यांची मुंबई उच्च न्यायालयाला स्वतः होऊन दखल घ्यावी लागली, हेही आपण विसरू नये. विलोब्रुक सातासमुद्रापलीकडे होते, असे म्हणून आपली सुटका होण्यासारखी नाही.

आपल्या श्रोत्यांत असे आईबाप असतील, आणि अशा संस्थांना देणग्या देणारेही असतील. संस्थेची इमारत, बाग, भिंतीवरचे फलक यांवरून पारख करू नये, असे आम्ही त्यांना सुचवू. तेथून गेल्या पाच वर्षांत किती जण बाहेर राहण्यास गेले, हे विचारावे. नोकरांना पगार काय मिळतो आणि ते किती दिवस टिकतात, हे विचारावे. आणि एकदा तरी न कळवता, जेवणाच्या वेळी जावे. आत घेतले नाही, तर उत्तर दारातच मिळाले. घेतले, तर एका कोपऱ्यात बसून एका मुलाचे जेवण किती मिनिटांत उरकते, तेवढे घड्याळ लावून पाहावे.