पंधरा मिनिटांचं बंड



मेलबर्नला पाहुणे आले की आपण त्यांना हमखास बॅलरॅटला नेतो. पोरं ओढ्यात सोनं चाळतात, मोठे फोटो काढतात आणि चहा पिऊन परत. पण त्याच गावातल्या युरेकाच्या जागेकडे फारसं कुणी वळत नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

१८५१ साली व्हिक्टोरियात सोनं सापडलं आणि सरकारने लगेच परवाना काढला, महिन्याला ३० शिलिंग. मेख अशी की हा कर सोन्यावर नव्हता, खणण्यावर होता. महिनाभर चिखल उपसून हाती धुपाटणं आलं तरी पैसे भरायचेच. पोलीस केव्हाही धाड घालत, परवाना जवळ नसला की अटक. आणि मताचा हक्क? तो मालमत्तावाल्यांना!

ऑक्टोबर १८५४ मध्ये जेम्स स्कोबी नावाच्या खाणकऱ्याचा खून झाला. संशय हॉटेलवाल्या बेंटलीवर होता, पण न्यायदंडाधिकाऱ्यांनी त्याला सोडून दिलं. लोकांनी हॉटेलच जाळलं. ११ नोव्हेंबरला बॅलरॅट रिफॉर्म लीग स्थापन झाली. मागण्या नुसत्या कर रद्द करण्याच्या नव्हत्या, प्रत्येक प्रौढ पुरुषाला मत आणि लोकप्रतिनिधींना पगार हवा होता. गव्हर्नर हॉथमने उत्तरादाखल सैन्य वाढवलं. मग परवान्यांची होळी झाली, आणि पीटर लेलर या आयरिश माणसाने निळ्या-पांढऱ्या झेंड्याखाली सगळ्यांना शपथ दिली.

३ डिसेंबरला, रविवारी पहाटे, सैन्याने हल्ला केला. बरेच जण शनिवारी रात्री घरी गेलेले. पंधरा-वीस मिनिटांत खेळ खल्लास. किमान २२ खाणकरी मेले, लेलरचा डावा हात गेला.

माझ्या मते खरा विजय मिळाला तो कोर्टात. १३ जणांवर राजद्रोहाचे खटले चालले आणि मेलबर्नच्या ज्यूरीने १८५५ मध्ये एकूण एक निर्दोष सोडला. पहिला सुटला जॉन जोसेफ, अमेरिकेतून आलेला कृष्णवर्णीय. लोकांनी त्याला खुर्चीत बसवून मिरवलं. जुना परवाना गेला, वर्षाला एक पौंडाचा 'मायनर्स राइट' आला आणि त्याबरोबर मतही. त्याच वर्षी लेलर विधिमंडळात पोचला. १८५६ ला व्हिक्टोरियात गुप्त मतदान, १८५७ ला खालच्या सभागृहासाठी सर्व प्रौढ पुरुषांना मत. (बायकांना मात्र १९०८ पर्यंत थांबावं लागलं.)

आता हे सगळं श्रेय युरेकाला द्यायचं का, यावर इतिहासकार अजून भांडतात. राज्यघटनेचा मसुदा बंडाच्या आधीच लंडनला गेला होता. मला वाटतं सुधारणा येणारच होत्या, पण १८५४ नंतर त्या टाळायची हिंमत सरकारला उरली नाही.

आपल्यासारख्यांनी एक गोष्ट विसरू नये. ज्या चौकशी आयोगाने परवाना रद्द करायला सांगितलं, त्यानेच चिनी लोकांना आवर घालायलाही सांगितलं. १८५५ च्या कायद्याने व्हिक्टोरियाच्या बंदरात उतरणाऱ्या प्रत्येक चिन्यावर १० पौंड कर बसला. मग ते दक्षिण ऑस्ट्रेलियात रोबला उतरत आणि तिथून शेकडो मैल पायी चालत खाणींवर येत.

आणि लेलरसाहेब? १८७३ साली ते क्लून्सच्या एका खाणीचे संचालक होते. तिथे संप झाला, तो मोडायला कंपनीने चिनी मजूर आणायचं ठरवलं. गावकऱ्यांनी रस्त्यात आडोसे रचले, दगड मारले आणि गाड्या परत पाठवल्या.