दंतरोपण, मुखजंतू आणि एका मात्रेचा प्रश्न

जबड्याच्या हाडात छिद्र पाडून त्यात टायटॅनियमचा स्क्रू बसवायचा आणि हाड त्याला धरेपर्यंत काही महिने थांबायचे, अशी दंतरोपणाची साधी रीत आहे. स्वीडनचे पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांनी हाड आणि टायटॅनियम यांची ही घट्ट जोड ओळखली आणि १९६५ साली पहिल्या रुग्णात असे रोपण केले. मात्र हे काम ज्या जागी होते ती जागा मोठी विलक्षण आहे. गुडघ्याचा सांधा बदलताना त्वचा औषधाने पुसून जवळजवळ जंतुरहित करता येते. तोंड तसे करता येत नाही. लाळेच्या एका मिलिलिटरमध्ये कोट्यवधी जंतू असतात आणि मुखजंतूंच्या सातशेच्या आसपास जाती नोंदल्या गेल्या आहेत. एवढ्या जंतूंमध्ये परकी वस्तू रोवूनही बहुतेक रोपणे, म्हणजे इम्प्लांट, टिकतात. तेव्हा शस्त्रक्रियेआधी दिलेले प्रतिजैविक नेमके काय साधते, हे नीट तपासायला हवे.

परकी वस्तू आली की जंतूंना बळ मिळते, हे १९५७ मध्ये एलेक आणि कोनेन यांनी स्वयंसेवकांच्या त्वचेवर दाखवले. एरवी पू होण्यासाठी स्टॅफिलोकॉकस जंतू लाखोंच्या संख्येने टोचावे लागत. रेशमी टाका सोबत असला की शंभराच्या घरातले जंतू पुरत. टायटॅनियमच्या बाबतीतही असेच काहीसे घडते. स्क्रूवर लाळेतली आणि रक्तातली प्रथिने क्षणार्धात चढतात. या प्रथिनांना आधी स्ट्रेप्टोकॉकस कुळातले जंतू चिकटतात. पुढे फ्युजोबॅक्टेरियमसारखे जंतू दुवा साधतात आणि त्यांच्यामागून पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिससारखे, प्राणवायू न सोसणारे रोगकारी जंतू येतात. थर जमला की त्याचा बायोफिल्म होतो, आणि बायोफिल्ममधल्या जंतूंवर औषध फारसे चालत नाही. त्यातले बरेच जंतू मंदावलेले असतात, आणि इथे सहसा दिले जाणारे प्रतिजैविक अमॉक्सिसिलिन तर वाढत्या जंतूची पेशीभिंत बांधू न देऊन त्याला मारते. म्हणजे पृष्ठभागावर हाडाच्या पेशी आधी पोचतात की जंतू, यावर पुढचे सारे ठरते. औषधाचा उपयोग असेल तर तो या पहिल्या काही तासांतच.

म्हणूनच मात्रा किती यापेक्षा ती केव्हा, हा प्रश्न मोठा. जॉन बर्क यांनी १९६१ मध्ये गिनीपिगवर केलेल्या प्रयोगांत, जंतू टोचण्याआधी किंवा टोचताना दिलेले औषध उत्तम काम करत होते. तीन तास उलटल्यावर दिलेल्या औषधाने काहीच फरक पडत नव्हता. १९९२ मध्ये २,८४७ शस्त्रक्रियांच्या पाहणीत क्लासेन आणि सहकाऱ्यांना असेच दिसले: छेद घेण्याआधीच्या दोन तासांत औषध मिळालेल्यांत जखमेचा संसर्ग सर्वांत कमी. कारण समजायला अवघड नाही. हाड कोरताच छिद्र रक्ताने भरते आणि ते गोठते. त्या रक्तात औषध आधीच असेल तर गुठळीच औषधाने भारलेली राहते. गुठळी बसल्यावर रक्तप्रवाहातले औषध आत शिरायला वाट उरत नाही. तोंडाने घेतलेले अमॉक्सिसिलिन एक ते दोन तासांत रक्तात कमाल पातळीला पोचते. शस्त्रक्रियेआधी तासभर दोन ग्रॅम घेण्याचा प्रघात याच गणितातून आलेला आहे.

आता पुरावा. एस्पोझितो, ग्रुझोविन आणि वर्दिंग्टन यांच्या २०१३च्या कॉक्रेन पुनरावलोकनात सहा यादृच्छिक चाचण्या आणि एकूण १,१६२ रुग्ण होते. प्रतिजैविक न घेतलेल्यांत अपयशाचे प्रमाण सहा टक्क्यांच्या आसपास धरले, तर एका रुग्णाचे इम्प्लांट वाचवण्यासाठी पंचवीस जणांना औषध द्यावे लागते. या पंचविसाभोवती अनिश्चितता मोठी आहे, चौदापासून थेट शंभरापर्यंत. म्हणजे उत्तम बाजू पाहिली तरी औषध घेणाऱ्या बहुतेकांना त्याची गरज नव्हती. तरीही एक निकामी इम्प्लांट म्हणजे हाड गमावणे, पुन्हा शस्त्रक्रिया आणि पुन्हा खर्च. त्यामुळे एकच मात्रा असेल तर हा व्यवहार मला मान्य होतो.

याच पुनरावलोकनातली एक गोष्ट मात्र मला जास्त विचार करायला लावते. इम्प्लांट गळण्याचे प्रमाण घटले, पण उघड संसर्गात ठरवून सांगण्याजोगा फरक दिसला नाही. हे कसे? एक सरळ उत्तर असे, की सूज आणि पू मुळातच इतक्या कमी जणांत होतात की एवढ्या रुग्णांत फरक पकडणे कठीण. दुसरे उत्तर मला अधिक पटते, पण ते अजून सिद्ध नाही: पृष्ठभागावर थोडेसे जंतू बसले तर त्यांच्यामुळे पू होणार नाही, ताप येणार नाही, पण हाड जवळ येणार नाही. रुग्णाला काही दुखत नाही, डॉक्टरांना काही दिसत नाही, आणि काही आठवड्यांनी स्क्रू हलू लागतो. असे असेल तर संसर्गाचा आपला नेहमीचा मापदंड, म्हणजे लाली, सूज आणि पू, इथे अपुरा आहे.

याउलट शस्त्रक्रियेनंतर पाच-सात दिवस गोळ्या देण्याची सवय पुराव्याच्या पुढे गेलेली आहे. पुढच्या दिवसांच्या मात्रांनी भर पडते असे कॉक्रेनच्या चाचण्या दाखवू शकल्या नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६च्या मार्गदर्शक तत्त्वांनी तर, सर्वच शस्त्रक्रियांबाबत, शस्त्रक्रिया संपल्यावर प्रतिबंधक औषध लांबवू नये असे सांगितले आहे. या ठिकाणी मी ठाम आहे. प्रत्येक जादा दिवसाचे मोल मुखजंतू आणि आतड्यातले जंतू मोजतात: संवेदनशील जाती मरतात, सहनशील उरतात, आणि अमॉक्सिसिलिन तोडणारे बीटा-लॅक्टामेज बनवणारे प्रीव्होटेलासारखे जंतू शेजाऱ्यांनाही संरक्षण देऊ शकतात. शिवाय गोळी दिली म्हणून रुग्ण निर्धास्त होतो आणि दात घासण्यात ढिलाई करतो, हे वेगळेच.

सगळे अपयश जंतूंमुळे नसते, हेही ध्यानात ठेवावे. एरिक्सन आणि आल्ब्रेक्टसन यांनी १९८३ मध्ये सशांच्या हाडात दाखवले, की ४७ अंश सेल्सिअस तापमान मिनिटभर टिकले तर हाडाच्या पेशींना इजा होते. बोथट ड्रिल आणि अपुरे पाणी यांची भरपाई कोणतेही अमॉक्सिसिलिन करत नाही. धूम्रपान, ताब्यात नसलेला मधुमेह आणि उपचार न झालेला हिरड्यांचा आजार हे तीन शत्रू तर आधीच माहीत असतात. वर्षांनंतर इम्प्लांटभोवती हाड खाणारी सूज येते, ती या एका मात्रेच्या आवाक्यातली नाहीच. तिला आवर घालतात रोजची स्वच्छता आणि ठरावीक तपासण्या. कृत्रिम हृदयझडप असलेल्यांना दिली जाणारी मात्रा हा आणखी वेगळा विषय आहे. ती हृदयाच्या संरक्षणासाठी असते, तिचा इम्प्लांटशी संबंध नाही. दोन्हींची सरमिसळ झाली की निर्णय चुकतात.

आणि अमॉक्सिसिलिन ज्या कुळातले, त्या पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर? अनेक अभ्यासांत अशी नोंद असलेल्या रुग्णांत, बहुधा अमॉक्सिसिलिनऐवजी क्लिंडामायसिन मिळाल्याने, इम्प्लांट अपयशी ठरण्याचे प्रमाण जास्त आढळले आहे. अमेरिकन हार्ट असोसिएशनने हृदयरुग्णांच्या दंतोपचारांसाठीच्या यादीतूनही क्लिंडामायसिन २०२१ मध्ये वगळले, कारण त्याने गंभीर जुलाब होऊ शकतात. दुसरीकडे, ॲलर्जी आहे असे सांगणाऱ्यांपैकी बहुसंख्य लोक तपासणीत पेनिसिलिन सहन करतात. लहानपणी कधीतरी पुरळ उठले, पोट बिघडले, आणि शिक्का आयुष्यभरासाठी लागला. त्यामुळे इम्प्लांटची तारीख ठरण्याआधीच दंतवैद्याने रुग्णाला विचारायला हवे: तेव्हा नेमके काय झाले होते, किती मिनिटांत झाले, श्वास अडकला होता का, की फक्त उलटी झाली? उत्तर संदिग्ध असेल तर ॲलर्जीतज्ज्ञाकडे पाठवायला तेव्हा सवडही असते.