भारतीय उच्च शिक्षणातील तंत्रज्ञान आणि प्राध्यापक-प्रशिक्षण : एक ऐतिहासिक आढावा

भारतातील शैक्षणिक तंत्रज्ञानाचा इतिहास बहुधा उपग्रह, दूरचित्रवाणी संच आणि संगणक-जाळे यांच्या अनुषंगाने सांगितला जातो. वर्गात उभ्या असणाऱ्या प्राध्यापकाला ही साधने वापरण्यासाठी कोणी, केव्हा आणि कशा रीतीने तयार केले, हा प्रश्न मात्र दुय्यम ठरतो. प्रस्तुत लेखात याच प्रश्नाच्या अनुरोधाने गेल्या सुमारे पाच दशकांचा विचार केला आहे.

१९७५-७६ मधील 'साइट' हा उपग्रह-दूरचित्रवाणी प्रयोग सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत झाला. त्यात प्राथमिक शिक्षकांसाठी विज्ञान-अध्यापनाचे स्वतंत्र प्रशिक्षण होते. शिक्षकांनी केवळ पडदा पाहावा, एवढीच त्यात अपेक्षा नव्हती. सोबत रेडिओ-कार्यक्रम, छापील साहित्य आणि प्रत्यक्ष कृती यांची जोड होती. ही दृष्टी पुढे महाविद्यालयांपर्यंत पोहोचायला हवी होती. तसे घडले नाही.

१५ ऑगस्ट १९८४ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाने इन्सॅट-१बी उपग्रहाच्या साहाय्याने 'कंट्रीवाइड क्लासरूम' हा दूरदर्शन-उपक्रम सुरू केला. मुंबईच्या शिक्षणतज्ज्ञ डॉ. माधुरी शाह त्या वेळी आयोगाच्या अध्यक्षा होत्या. लहान गावांतील पदवी-विद्यार्थ्यांना मोठ्या शहरांतील ज्ञानसंधी मिळाव्यात, हा त्यामागील हेतू स्तुत्यच होता. पुणे विद्यापीठासह काही ठिकाणी कार्यक्रम-निर्मितीसाठी माध्यम केंद्रे उभी राहिली. तथापि कार्यक्रम हेतुपुरस्सर अभ्यासक्रमनिरपेक्ष ठेवलेले होते, भाषा प्रामुख्याने इंग्रजी होती आणि आरंभी परदेशी कार्यक्रमांचे प्रमाणही लक्षणीय होते. दुपारच्या प्रक्षेपणाची वेळ महाविद्यालयाच्या वेळापत्रकात कशी बसवावी, कार्यक्रमानंतर वर्गात चर्चा कशी घडवावी, याविषयी प्राध्यापकाला फारसे मार्गदर्शन नव्हते. परिणामी हा 'वर्ग' महाविद्यालयापेक्षा घरातच अधिक पाहिला गेला. प्राध्यापकाला वळसा घालून विद्यार्थ्यापर्यंत पोहोचण्याचा हा प्रयत्न होता, असे म्हटल्यास ते अन्यायाचे होणार नाही.

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर, १९८७ पासून, ॲकॅडेमिक स्टाफ कॉलेजे स्थापन होऊ लागली. महाविद्यालयीन प्राध्यापकाला अध्यापनाचे औपचारिक प्रशिक्षण प्रथमच व्यापक प्रमाणावर उपलब्ध झाले. उद्बोधन वर्गाच्या आराखड्यात तंत्रज्ञानाला स्थान होते; पण ते समाज, पर्यावरण, शिक्षणाचे तत्त्वज्ञान, ग्रंथालय, व्यवस्थापन अशा अनेक विषयांच्या गर्दीत. शिवाय या वर्गांची सांगड पदोन्नतीशी घातली गेली. या सांगडीमुळेच हजारो प्राध्यापक वर्गांना आले, हे मान्य करावे लागते. परंतु प्रमाणपत्र उपस्थितीवर मिळू लागले, की शिकण्यापेक्षा उपस्थितीलाच महत्त्व येते. महाविद्यालयात परतल्यावर संगणक कार्यालयात कुलूपबंद असेल, किंवा भारनियमनात वीजच नसेल, तर प्रशिक्षणाचा उपयोग काय, हा ग्रामीण भागातील प्राध्यापकांचा प्रश्नही अनुत्तरितच राहिला.

२० सप्टेंबर २००४ रोजी खास शिक्षणासाठी 'एज्युसॅट' सोडण्यात आला आणि २०१० मध्ये त्याची सेवा संपली.

या क्रमात वेगळा ठरतो तो मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचा उपक्रम. २००९ मध्ये माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाल्यावर, त्या अंतर्गत प्रा. दीपक फाटक यांच्या नेतृत्वाखाली एकाच वेळी हजारो अभियांत्रिकी अध्यापकांना प्रशिक्षण देण्याची पद्धत विकसित झाली. प्रथम निवडक समन्वयक पवईला येऊन आठवडाभर तयारी करीत. मुख्य कार्यशाळेत मात्र प्राध्यापकांना मुंबई गाठावी लागत नसे. ते आपापल्या परिसरातील महाविद्यालयात जमत, तज्ज्ञांचे व्याख्यान अमृता विद्यापीठाने विकसित केलेल्या 'ए-व्ह्यू' प्रणालीवरून थेट ऐकत, प्रश्न विचारत. त्यानंतर त्याच ठिकाणी समन्वयकाच्या देखरेखीखाली प्रयोगशाळेत काम करीत. व्याख्यान दुरून, सराव जवळून, ही विभागणी साधी वाटते. पण 'साइट'मधील शिक्षक-प्रशिक्षणाची जी दृष्टी मध्यंतरी हरवली होती, ती येथे पुन्हा दिसते. येथे प्राध्यापक केवळ श्रोता राहिला नाही; स्वतःच्या विषयाचे काम त्याने स्वतःच्या हाताने केले आणि अडल्यास विचारायला शेजारी माणूस होता. त्याच संस्थेतील प्रा. कण्णन मौदगल्य यांच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पातही हेच तत्त्व आहे. सुमारे दहा मिनिटांची ध्वनिचित्रफीत पाहत असताना शिकणाऱ्याने तीच कृती आपल्या संगणकावर करून पाहायची. निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध करून देण्यात आले, ही गोष्ट इंग्रजीच्या धास्तीने मागे राहणाऱ्यांसाठी लहान नव्हती. मर्यादाही सांगितली पाहिजे : या प्रयत्नांचा मुख्य रोख अभियांत्रिकी आणि संगणक-सॉफ्टवेअरकडे होता. इतिहास किंवा मराठी शिकविणाऱ्याला त्यात आपला विषय क्वचितच सापडे.

जुलै २०१७ मध्ये 'स्वयम्' व्यासपीठाचे औपचारिक उद्घाटन झाले. नोव्हेंबर २०१८ मध्ये त्यावर 'अर्पित' हे प्राध्यापकांसाठीचे चाळीस तासांचे ऑनलाइन उजळणी अभ्यासक्रम आले आणि आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत ई-सामग्री निर्मितीला पदोन्नतीसाठी मान्यता मिळाली. पदोन्नतीचा जुना धागा येथेही तसाच राहिला. बदलले ते माध्यम.

मार्च २०२० मध्ये महाविद्यालये बंद झाली आणि साऱ्याच प्राध्यापकांना अल्पावधीत ऑनलाइन अध्यापनाकडे वळावे लागले. ध्वनिक्षेपक बंद ठेवून बसलेल्या विद्यार्थ्यांशी संवाद कसा साधावा, अपुरे नेटवर्क असणाऱ्याला सामग्री कशी पोहोचवावी, हे कौशल्य बटणांच्या माहितीपलीकडचे होते. अनेकांनी ते सहकाऱ्यांकडून, बरेचदा तरुण सहकाऱ्यांकडून किंवा घरातील मुलांकडून आत्मसात केले. प्रशिक्षणाच्या कोणत्याही अधिकृत अहवालात या शिकण्याची नोंद होणे कठीण.

सप्टेंबर २०२३ मध्ये 'मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण कार्यक्रम' सुरू झाला आणि पूर्वीची मानव संसाधन विकास केंद्रे, म्हणजेच मूळची ॲकॅडेमिक स्टाफ कॉलेजे, त्यात समाविष्ट झाली. त्याच्या उद्बोधन कार्यक्रमातील आठ विषयांपैकी माहिती-तंत्रज्ञान हा एक आहे. आणि हा कार्यक्रम ऑनलाइन घेतला जातो, म्हणजे प्राध्यापक पुन्हा पडद्यासमोर बसलेला आहे.