सोयरीक, रब्बी आणि सिनेमा

१९६२ साली इस्रायलच्या मुख्य रब्बींच्या कचेरीतून एक हुकूम निघाला. बेने इस्रायल समाजातलं कुणी लग्नाची नोंद करायला आलं तर त्याची आई, आईची आई, तिची आई, जमेल तितक्या मागच्या पिढ्या तपासा. रक्त चोख आहे का बघा. बेने इस्रायल म्हणजे आपल्या कोकणातले शनवार तेली. अलिबाग-पेण-रोह्याकडे घाणा चालवणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे, घरात मराठी बोलणारे. पेणकर, रोहेकर, किहीमकर. १९४८ नंतर ही माणसं ‘आपला देश’ म्हणून तिकडे गेली आणि तिथल्या भटांनी त्यांची जात विचारली.

रब्बींचं म्हणणं असं : हे लोक शेकडो वर्षं पंडितांपासून लांब राहिले, यांनी काडीमोडाचे नियम पाळले नसणार. काडीमोड नियमाला धरून नसेल तर बाईचं दुसरं लग्न खोटं, आणि त्या लग्नाची पोरं बाटलेली. त्या पोरांशी सोयरीक नाही. मित्रांनो, हे कुठं ऐकल्यासारखं वाटतं का? बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबियात वाचलेल्या निबंधात जातीची किल्ली नेमकी इथंच दाखवली होती. बेटीबंदी.

बेने इस्रायल गप्प बसले नाहीत. त्याआधी १९५१-५२ सालीच त्यांच्यातल्या काहींनी भेदभावाला कंटाळून धरणं धरलं होतं, आम्हाला परत हिंदुस्थानात पाठवा म्हणून. आणि काहींना खरंच परत पाठवावं लागलं. १९६४ साली ते पुन्हा जेरुसलेमच्या रस्त्यावर बसले. त्या ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेनं, म्हणजे क्नेसेतनं, ठराव केला की बेने इस्रायल हे सर्वार्थानं यहुदी आहेत. रब्बींना हुकुमातून त्यांचं नाव काढावं लागलं. नाव काढलं, तपासणीचा हक्क ठेवलाच.

एक गोष्ट झाकून चालणार नाही. याच समाजात कोकणात असताना गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल असा भेद होता. काळे म्हणजे बाहेरच्या बाईच्या पोटचे. गोरे त्यांच्याशी सोयरीक करत नसत. मातीचा गुण, दुसरं काय.

आता सिनेमाकडे येतो. त्याच १९६४ साली एफ्राइम किशोनचा ‘साल्लाह शबाती’ आला. ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोचलेला हा इस्रायलचा पहिला सिनेमा. त्या देशात वरचे ते युरोपातून आलेले अश्केनाझी. खालचे ते मोरोक्को, इराक, येमेनकडून आलेले मिझराही. साल्लाह हा खालचा. बायको, पोरांचं लेंढार घेऊन येतो. त्याला पत्र्याच्या छावणीत टाकतात आणि घर मिळत नाही. काम टाळणारा, सोंगट्या खेळत बसणारा, पोरीच्या लग्नात पैसा मागणारा. लोक खदखदून हसले. हसवणूक दोन्हीकडून आहे हे कबूल. सरकारी बाबूंचीही किशोननं चांगली जिरवली आहे. घर पाहिजे म्हणून ओरडून मिळत नाही, तेव्हा साल्लाह ‘आम्हाला घरं नकोत’ असा मोर्चा काढायला लावतो, आणि घरं मिळतात. बरोबर आहे. सरकार असंच असतं. पण साल्लाहचं काम करणारा हाईम तोपोल अश्केनाझी, आणि लिहिणारा-काढणारा किशोन हंगेरीचा. छावणीतल्या माणसानं स्वतःबद्दल काय सांगितलं असतं, ते या सिनेमात नाही. वेशीबाहेरचा माणूस पांढरपेशांच्या नाटकात येतो तसा साल्लाह येतो. भोळा, विनोदी, शेवटी गोड.

शेवट गोड म्हणजे कसा? साल्लाहची पोरगी आणि पोरगा, दोघांचीही लग्नं किबुत्झमधल्या अश्केनाझींशी जुळतात. पुढे अशा सिनेमांची लाटच आली. ‘बुरेकास’ या खाऱ्या पेस्ट्रीचं नाव त्यांना पडलं. मेनाहेम गोलानचा १९७३ चा ‘काझाब्लान’ बघा. जाफाच्या पडक्या वस्तीतला मोरोक्कन दादा, अश्केनाझी पोरगी, गाणी, नाच आणि मीलन. आपल्यातले काही म्हणतील, मग वाईट काय आहे? बाबासाहेबांनीच आंतरजातीय विवाह हा खरा उपाय म्हटलाय. म्हटलंय. पण १९३६ च्या त्याच भाषणात पुढे काय आहे तेही वाचा. लोक असं लग्न का करत नाहीत, तर शास्त्रांवरच्या श्रद्धेमुळे. आधी ती श्रद्धा मोडा. बुरेकासवाले शास्त्राला हात लावत नाहीत, पगाराला लावत नाहीत, घराच्या वाटपाला लावत नाहीत. नवरानवरी एकत्र आली की दिवे लागतात.

बाहेर काय चाललं होतं? १९५९ साली हैफाच्या वादी सालिब वस्तीत मिझराहींचा भडका उडून गेला होता. १९७१ साली जेरुसलेमच्या मुसरारा वस्तीतल्या पोरांनी ब्लॅक पँथर्स हे नाव घेतलं. आपले पँथर १९७२ चे. दोन्हींनी नाव अमेरिकेतल्या काळ्या भावांकडून उचललं. पंतप्रधान गोल्डा मायर त्यांना भेटल्या आणि नंतर म्हणाल्या की ही पोरं काही चांगली नाहीत. आज मुसरारातल्या एका गल्लीला याच शब्दांचं नाव आहे! १९७२ साली या पोरांनी श्रीमंत रेहाविया भागातल्या दारांसमोरच्या दुधाच्या बाटल्या उचलून गरीब वस्तीत वाटल्या. निसिम मोसेकनं तेव्हा त्यांचं चित्रण केलं होतं, त्यावरून पुढे २००२ साली माहितीपट काढला. मिळेल तिथून मिळवून बघावा.

१९७३ साली सिनेमातही घराच्या आतून आवाज आला. अलेक्झांड्रियात जन्मलेल्या मोशे मिझराहीनं ‘शलूश रस्त्यावरचं घर’ काढला. विधवा आई, चार पोरं, आई लोकांच्या घरची कामं करते, थोरला कारखान्यात जातो. निसिम दयानचा त्याच वर्षीचा ‘ओर मिन हाहेफ्केर’ तर काळ्यापांढऱ्या रंगात, गरीब वस्तीतल्या सतरा वर्षांच्या पोराचा. लग्नाची वरात नाही, गाणं नाही. तो चालला नाही हे सांगायला नकोच.

आपल्याकडून गेलेली माणसं पडद्यावर ठळक दिसली ती अवी नेशेरच्या २००४ च्या ‘जगाच्या टोकाला डावीकडे’ मध्ये. १९६८ च्या सुमाराला नेगेव वाळवंटातलं गाव. एकीकडे मोरोक्कन, दुसरीकडे हिंदुस्थानी यहुदी, बाटल्यांचा कारखाना. मोरोक्कन स्वतःला फ्रेंच समजतात, आपले स्वतःला इंग्रज. दोघं एकमेकांना खालचे समजतात, आणि दोघांनाही तिथं आणून टाकणारा वरचा माणूस गावात दिसतही नाही. उतरंडीतलं एक मडकं दुसऱ्याला काळं म्हणतं, हा प्रकार आपल्या वस्त्यांत नवा नाही. बाकी सिनेमा गोडगोड आहे. क्रिकेटवर भागवलंय.

शास्त्राला खरा हात घातला तो एका बाईनं. रोनित एल्काबेत्झ, मोरोक्कन घरची लेक. भाऊ श्लोमीबरोबर तिनं २००४, २००८ आणि २०१४ असे तीन सिनेमे काढले, आईच्या आयुष्यावरून. तिसरा ‘गेत’, म्हणजे काडीमोडाचा कागद. १९५३ च्या कायद्यानं तिथं यहुद्यांचं लग्न आणि काडीमोड रब्बींच्या कोर्टात बांधून टाकलंय. नोंदणी लग्नाची सोय देशात नाही, लोक सायप्रसला जाऊन लग्न करून येतात. आणि नवऱ्यानं स्वतःच्या हातानं ‘गेत’ दिल्याशिवाय बाई सुटत नाही. सिनेमाभर एक खोली, तीन रब्बी, पाच वर्षं तारखा. विवियान मारहाण सांगत नाही, दारू सांगत नाही, एवढंच म्हणते की मला याच्याबरोबर राहायचं नाही. तिनं केस मोकळे सोडले तर रब्बी खेकसतो. शेवटी नवरा कागद द्यायला कबूल होतो, पण अट घालतो : पुन्हा कुठल्या पुरुषाकडे जायचं नाही. आणि ती कबूल होते. १९६२ साली बेने इस्रायलची आजी-पणजी तपासणारं शास्त्र हेच.

या सगळ्या घरांखाली आणखी एक घर आहे. मुसरारातली ती घरं १९४८ आधी अरबांची होती. आमोस गिताईनं १९८० साली ‘घर’ नावाचा माहितीपट काढला. पश्चिम जेरुसलेममधलं एक घर. मूळ मालक पॅलेस्टिनी डॉक्टर, १९४८ ला गेला. मग अल्जेरियाचं यहुदी जोडपं भाड्यानं राहिलं. मग एका प्राध्यापकानं विकत घेऊन मोठं करायला काढलं. दगड फोडणारे, घडवणारे हात पॅलेस्टिनी मजुरांचे. गिताई त्यांच्याशी बोलतो आणि छिन्नीचा आवाज तसाच चालू ठेवतो. इस्रायली टीव्हीनंच हा माहितीपट करायला सांगितला होता आणि टीव्हीनंच तो दाखवायचं नाकारलं. गिताई पुन्हा १९९८ साली आणि २००५ साली त्याच घराकडे गेला, दोन माहितीपट आणखी केले.