सात चौसष्टांश इंची छंद

माणसाला एखादा छंद असावा, असं सगळेच सांगतात. तो महिन्याला किती रुपयांत बसवावा, हे मात्र कोणी सांगत नाही. घोडे पाळणारा राजा, चित्रं जमवणारा सावकार आणि पोस्टाची तिकिटं जमवणारा कारकून यांची नावं छंदांच्या एकाच प्रकरणात छापून मोकळे होतात. पहिल्या दोघांना बायकोला हिशेब द्यावा लागत नव्हता, ही गोष्ट तळटीपेतसुद्धा नसते.

मी पाइप जमवतो. तंबाखू ओढायचे पाइप. हा खुलासा करायची आता जिभेला सवय झाली आहे. कारण नुसतं 'जुने पाइप आहेत का?' असं विचारलं की जुन्या बाजारातला माणूस पाठीमागे हात घालून विचारतो, "अर्धा इंची का पाऊण?" शेजारचे एक गृहस्थ तर परवा घरातला गळका नळ बदलल्यावर त्याचा गंजका तुकडा मला मोठ्या प्रेमाने देऊन गेले.

तुम्ही म्हणाल, हा साहेबी छंद तुम्हाला कुठून सुचला? आमच्या पिढीला तो हिंदी सिनेमाने सुचवला. त्यातला श्रीमंत बाप रेशमी गाऊन घालून, तोंडात पाइप धरून जिना उतरायचा आणि गरीब नायकाला कोरा चेक द्यायचा. आमच्याकडे गाऊन नव्हता, जिना चाळीचा होता आणि चेकबुक तर तेव्हा कोणाकडेच नव्हतं. त्यातल्या त्यात परवडण्यासारखा वाटला तो पाइप. मी तो ओढत नाही, हे सांगून टाकतो. तंबाखूने काय होतं, ते पाकिटावर चित्रासकट छापलेलं असतं. शिवाय संग्रहातला पाइप रिकामाच शोभून दिसतो, आणि खर्च निम्म्यावर येतो.

निवृत्तीनंतर मी ही योजना घरच्या अर्थमंत्र्यांपुढे ठेवली. "अहो, ओढणार नाही तर घ्यायचा कशाला?" असा रास्त प्रश्न विचारून हिने महिना पाचशे रुपये मंजूर केले. पुढचा सगळा इतिहास मी या पाचशे रुपयांच्या झरोक्यातून पाहिलेला आहे.

पाचशे रुपयांत काय येत नाही, ते आधी सांगतो. ब्रायर येत नाही. ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राच्या काठच्या एका झुडपाच्या मुळाशी येणारी गाठ. झुडूप काही दशकं वाढू द्यायचं, मग ती गाठ खणून काढायची, तासन् तास उकळायची, महिनोन् महिने सुकवायची आणि तेव्हा कुठे कोरायला घ्यायची. फ्रान्समधल्या सेंत-क्लोद गावाने १८५० नंतर हा धंदा नावारूपाला आणला. लाकूड असून जळत नाही, ही त्याची ख्याती. नामांकित कारखान्याच्या ब्रायरची किंमत ऐकली की त्याऐवजी गिऱ्हाईकच जळतं.

मीअरशाउमही येत नाही. या जर्मन शब्दाचा अर्थ 'समुद्राचा फेस'. समुद्रफेस आमच्या आजीच्या बटव्यातही होता, पण तो माशाचा. हा जमिनीतून निघणारा पांढरा, हलका दगड. सुकल्यावर पाण्यावर तरंगतो. तो तुर्कस्तानात एस्किशेहिरजवळ सापडतो. व्हिएन्नाच्या कारागिरांनी त्यावर सिंह, सुंदऱ्या आणि सुलतान कोरले. ओढता ओढता तो पिवळसर आणि मग तपकिरी होत जातो; जितका काळा तितकी किंमत जास्त. आमच्याकडे हा नियम फक्त चहाच्या गाळणीला लागू होता, आणि तोही उलटा.

मग परवडतं काय? पहिला परवडला तो मक्याचा. अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात वॉशिंग्टन नावाचं छोटं गाव आहे. तिथे हेन्री टिबे नावाच्या हॉलंडहून आलेल्या कातारी सुताराने १८६९ सालापासून, दाणे काढून उरलेलं मक्याचं कणीस कातून त्याचे पाइप करायला सुरुवात केली. कणसाला खळगे फार, म्हणून बाहेरून प्लॅस्टर ऑफ पॅरिस भरून तो ते गुळगुळीत करी. १८७८ साली त्याने या युक्तीचं पेटंट घेतलं आणि आपल्या मालाला ऐटीत 'मिझुरी मीअरशाउम' म्हणायला लागला. ज्यांना समुद्रफेस परवडत नव्हता, त्यांना त्याने कणसात समुद्र दिला. दुसऱ्या महायुद्धातल्या फोटोंत जनरल मॅकार्थर यांच्या तोंडात जो भला उंच पाइप दिसतो, तो याच मक्याचा. ओळखीच्या एका बाईंनी अमेरिकेहून येताना मला साधासा एक आणून दिला. हिने तो उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "आपण ही कणसं गाईला घालतो ना?"

पण खरा खजिना त्याच्याही खालच्या पायरीवर आहे. तो म्हणजे मातीचा पाइप, आणि तोही मोडका.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात तंबाखू ओढायला लागले, तेव्हापासून तो पांढऱ्या मातीच्या पाइपातून. दोन भागांचा साचा, त्यात मातीची वळी, दांडीतून आरपार एक तार घालून भोक पाडायचं आणि भट्टीत भाजायचं. सुरुवातीला तंबाखू महाग होती, म्हणून पाइपाची वाटी बोटाच्या पेरात मावेल एवढीशी. तंबाखू स्वस्त होत गेली तशी वाटी फुगत गेली. म्हणजे नुसत्या वाटीचा घेर पाहून त्या काळचा भाव समजतो. दांडी मोडायला क्षुल्लक कारण पुरे. मोडली की टाकून द्यायची आणि दुसरा घ्यायचा. हमालांनी, खलाशांनी, गाडीवानांनी तीनशे वर्षं असे तुकडे टाकले. ते लंडनच्या थेम्स नदीच्या गाळात आजही सापडतात.

आमचा एक भाचा लंडनला असतो. त्याला मी फोनवर म्हटलं, "अरे, जाता येता नदीवरून चार तुकडे उचल." तो म्हणाला, "मामा, पोर्ट ऑफ लंडन ऑथॉरिटीच्या परवान्याशिवाय काठावरचं काही उचलता येत नाही." "मग विकत घे आणि पाठव." "तेही नाही. इथल्या जमिनीतून निघालेली पन्नास वर्षांवरची वस्तू देशाबाहेर न्यायला निर्यात-परवाना लागतो." कोहिनूर नेताना, १८४९ साली, दहा वर्षांच्या एका महाराजाची तहावर सही पुरली होती. आता मोडक्या चिलमीला अर्ज! शेवटी भाच्याने एका स्टॉलवरून एका कॉफीच्या किमतीत अकरा तुकडे घेतले आणि आपल्या टेबलाच्या खणात ठेवले. तेव्हापासून माझ्या संग्रहाची लंडनला शाखा आहे. पुण्याच्या पेठेतल्या किती संग्राहकांना असं म्हणता येईल?

आता या तुकड्यांचं करायचं काय? तर त्यांना त्यांचं वय विचारायचं. जे. सी. हॅरिंग्टन नावाचे अमेरिकन पुरातत्त्वज्ञ व्हर्जिनियातल्या जेम्सटाउनला, म्हणजे इंग्रजांच्या जुन्या वसाहतीत, उत्खनन करत होते. दांड्यांचा ढीग निघाला. त्यांच्या लक्षात आलं की जुन्या दांडीचं भोक मोठं आणि नव्या दांडीचं बारीक. कारण काळाबरोबर दांड्या लांब होत गेल्या आणि लांब दांडीत जाड तार घातली तर ती फाटते. हॅरिंग्टन यांनी १९५४ साली कोष्टक छापलं. १६२० ते ५० मधलं भोक बहुधा आठ चौसष्टांश इंच, १६५० ते ८० सात, असं उतरत उतरत १७५० ते १८०० पर्यंत चार. मोजायचं हत्यार काय, तर सुताराच्या ड्रिलची पाती! जे पातं नेमकं आत जाईल तो आकडा. पुढे लुइस बिनफर्ड यांनी त्याचं समीकरण केलं: भोकाच्या सरासरी आकड्याला ३८.२६ ने गुणा आणि उत्तर १९३१.८५ मधून वजा करा. येईल ते साल. अर्धा इंची का पाऊण, असं विचारणाऱ्या त्या दुकानदाराला मला एकदा सांगायचं आहे, "सात चौसष्टांश!"

भाच्याने २.८ मिलिमीटरचं पातं आणलं. सात चौसष्टांश म्हणजे जवळजवळ तेवढंच. एका रविवारी तो तिकडून फोनवर आकडे सांगतोय आणि इकडे मी दूधवाल्याच्या हिशेबाच्या वहीत लिहून घेतोय. सरासरी आली सात. गुणाकार केला, वजाबाकी केली. उत्तर १६६४. मी पेन्सिल खाली ठेवली. त्या सालच्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी सुरत लुटली आणि तिथल्या वखारीतले इंग्रज दारं लावून बसले होते. हे समीकरण एकाच जागी निघालेल्या भरपूर तुकड्यांसाठी आहे. स्टॉलवरच्या पिशवीला ते लावणं शास्त्रात बसत नाही, हे मला कळतं. पण एका कॉफीत इतकं जवळ जाता आलं, हे काय थोडं झालं?

तंबाखूच्या इतिहासात राजे लोक फार आहेत. १६०४ साली इंग्लंडच्या पहिल्या जेम्स राजाने तंबाखूविरुद्ध चोपडं लिहिलं आणि त्याच साली तिच्यावरचा कर रत्तलामागे दोन पेन्सवरून सहा शिलिंग दहा पेन्सवर नेला. नंतर १६१९ साली त्यानेच पाइपवाल्या कारागिरांच्या संघाला सनद दिली. उपदेश आणि महसूल एकाच खात्यातून चालवायची कला तेव्हापासूनची आहे. इकडे त्याच सुमारास असद बेग हा सरदार विजापूरहून तंबाखू आणि जडावाची नळी घेऊन अकबराकडे गेला. बादशहाने एक-दोन झुरके घेतले आणि हकीम आडवा आला. जहांगीराने तर १६१७ साली तंबाखूला बंदीच घातली. म्हणजे उत्तरेच्या दरबारात तंबाखू आपल्या दख्खनेतून गेली, याचा अभिमान धरावा की नाही, हे मी अजून ठरवलेलं नाही.

पण राजांचं सगळं लिहिलेलं असतं. ज्यांचं लिहिलेलं नसतं, त्यांचं काय? इंग्लंडमधल्या जुन्या दफनभूमीत कामकरी माणसांचे सांगाडे सापडले, त्यांतल्या काहींच्या वरच्या-खालच्या दातांत मिळून एक गोल खाच आहे. दोन्ही हात कामात, म्हणून मातीची दांडी दातांतच धरायची. वर्षानुवर्षं धरून दात झिजले. त्या माणसाचं नाव, गाव कोणी टिपलं नाही. त्याची दांडी उरली आणि ती जिथे बसायची ती जागा उरली.

हे वाचलं त्या दिवशी मला आमचे आजोबा आठवले. ते चिलीम ओढत. ओली छापी, आत घातलेला खडा आणि दोन्ही हातांची ओंजळ, असा सगळा सरंजाम. घरात त्यांचा एकच फोटो आहे. त्यात फोटोवाल्याने त्यांच्या हातात जाडजूड पुस्तक दिलेलं आहे. आजोबांना वाचता येत नव्हतं. चिलीम शहाण्यासुरत्या मंडळींनी खुर्चीमागे लपवली आणि ते गेल्यावर परसात टाकली. आज आम्हा नातवंडांना ते वाचकच वाटतात. पुण्यात दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, दौती अशा घरगुती वस्तू दारोदार हिंडून जमवल्या आणि १९७५ साली तो सगळा संग्रह सरकारच्या हवाली केला, म्हणून त्या वाचल्या. प्रत्येक परसामागे केळकर कुठून आणणार?

म्हणून या वर्षापासून पाचशे रुपयांतला मोठा भाग मी चिलमींकडे वळवला आहे. कमी पैशांत संग्रह करू पाहणाऱ्यांना माझे तीनच नियम: विषय अरुंद धरावा, मोडकी वस्तू नाकारू नये आणि ती कुठून आली ते त्याच दिवशी चिठ्ठीवर लिहावं. चिठ्ठी नसली तर उरतं ते नुसतं खापर. पांढऱ्या केसांचा माणूस यात्रेत चिलमीची चौकशी करतो तेव्हा लोक बघतात. एका पोलिसाने माझ्यावर बराच वेळ नजर ठेवली होती. चष्मा आणि कापडी पिशवी पाहून त्याने नाद सोडला.

परवा एका खेड्यातल्या कुंभाराकडून दोन घेतल्या. वीस रुपयांना जोडी. इंग्लंडचे कारागीर पाइपाच्या टाचेवर आपली अक्षरं उठवत, त्यावरून आज त्यांचं घर सापडतं. आपल्या चिलमीवर काहीच नसतं. म्हणून मी खिशातून चिठ्ठी काढली आणि म्हटलं, "दादा, तुमचं नाव सांगा."

तो सावध झाला. "कशाला? तक्रार करायचीय का?"

"नाही हो. चिलमीबरोबर ठेवायचंय. शंभर वर्षांनी कोणी पाहिलं तर कळावं, कोणी केली ते."

त्याने चाक थांबवलं, हात पुसले आणि पूर्ण नाव सांगितलं. बापाच्या नावासकट, आडनावासकट, गावासकट. मी लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं. त्याने मान डोलावली. मी निघालो तसं मागून म्हणाला, "आणि साहेब, किंमत नका लिहू त्यात. शंभर वर्षांनी गिऱ्हाईक त्याच भावात मागंल."