स्पेनची बुलफाईट : वाळूवरची कला की क्रौर्य?

पाम्प्लोना शहरात जुलै महिन्यातील सान फर्मिन उत्सवात बैलांपुढे धावणारा जमाव ‘जिंदगी ना मिलेगी दोबारा’ (२०११) या हिंदी चित्रपटामुळे भारतीय प्रेक्षकांच्या परिचयाचा झाला. मात्र सकाळी रस्त्यावरून धावणारे हेच बैल सायंकाळी रिंगणात उतरतात, तेव्हा खरी बुलफाईट सुरू होते. स्पॅनिश भाषेत तिला ‘कोरिदा दे तोरोस’ म्हणतात. या सामन्यात बैलाचा मृत्यू जवळजवळ निश्चित असतो, तर माणसाचा केवळ संभवनीय. या ‘संभवनीय’ शब्दावरच मातादोरची सारी प्रतिष्ठा उभी आहे.

तीन अंकांचे नाट्य

सर्वसाधारण कोरिदामध्ये तीन मातादोर आणि सहा बैल असतात. प्रत्येक मातादोरच्या वाट्याला दोन बैल येतात. पहिल्या अंकात घोड्यावर स्वार झालेला पिकादोर भाल्याने बैलाच्या मानेचे स्नायू दुबळे करतो. पूर्वी या अंकात असंख्य घोडे मरत. १९२८ पासून त्यांना जाड संरक्षक झूल घालणे सक्तीचे झाले. दुसऱ्या अंकात बांदेरिलेरो रंगीत कागदांनी सजवलेल्या काटेरी काड्या बैलाच्या खांद्यांत रोवतात. तिसऱ्या अंकात मातादोर ‘मुलेता’ हे लाल फडके आणि तलवार घेऊन एकटा पुढे येतो. बैल लाल रंगाने चवताळतो, हा समज चुकीचा आहे. त्याला तो रंग नीट ओळखता येत नाही. हलणाऱ्या कापडावर तो धावून जातो.

या अखेरच्या अंकाला वेळेचे बंधन असते. दहा मिनिटांनंतर पहिला इशारा मिळतो. पंधरा मिनिटांत बैल मारता आला नाही, तर तो परत नेला जातो आणि मातादोरची नाचक्की होते. उलट, कामगिरी सरस ठरली तर प्रेक्षक पांढरे रुमाल फडकवतात आणि मातादोरला बैलाचा कान बहाल होतो. क्वचित बैलच असामान्य शौर्य दाखवतो. अशा वेळी अध्यक्ष नारिंगी रुमाल दाखवून त्याला जीवदान देतात.

मानकरी

अठराव्या शतकातील रोंदा गावचे पेद्रो रोमेरो यांनी पाच हजारांहून अधिक बैल मारले आणि त्यांना एकदाही शिंग लागले नाही, असे सांगितले जाते. विसाव्या शतकात हुआन बेलमोंते यांनी या कलेचे रूपच पालटले. बैलापासून दूर सरण्याऐवजी ते जागीच उभे राहून त्याला अगदी शरीराजवळून वळवीत. त्यांचे प्रतिस्पर्धी होसेलितो १९२० मध्ये तालाव्हेरा येथे, वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षी, रिंगणात बळी पडले. २८ ऑगस्ट १९४७ रोजी लिनारेस येथे मानोलेते यांनी ‘इस्लेरो’ या बैलाच्या देहात तलवार खुपसली. त्याच क्षणी त्याचे शिंग त्यांच्या मांडीत घुसले. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांचे निधन झाले.

क्रिस्टिना सांचेझ यांनी १९९६ मध्ये फ्रान्समधील नीम येथे मातादोरची दीक्षा घेतली. युरोपात हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. पुरुषांच्या या क्षेत्रात पुरेसा स्वीकार न झाल्याने त्यांनी १९९९ मध्ये निवृत्ती पत्करली.

हा धोका इतिहासजमा झालेला नाही. २०१६ च्या जुलैमध्ये तेरुएल येथे व्हिक्टर बारियो यांचा शिंग लागून मृत्यू झाला. १९८५ नंतर स्पेनच्या रिंगणात प्राण गमावणारे ते पहिले मातादोर होते.

दुभंगलेला देश

स्पेनमधील वृत्तपत्रांत कोरिदाची समीक्षा प्रामुख्याने सांस्कृतिक पानांवर येते. प्राणिमित्रांना मात्र ती निव्वळ क्रूरता वाटते. कातालोनियाच्या संसदेने २०१० मध्ये बंदीचा कायदा केला. बार्सिलोनातील अखेरची कोरिदा २५ सप्टेंबर २०११ रोजी झाली. दरम्यान, २०१३ मध्ये स्पेनच्या संसदेने या परंपरेला सांस्कृतिक वारशाचा दर्जा दिला आणि २०१६ मध्ये घटनात्मक न्यायालयाने कातालोनियाची बंदी रद्द ठरवली. तरीही बार्सिलोनात कोरिदा परतली नाही. २०२४ मध्ये केंद्रीय संस्कृती मंत्रालयाने बुलफाईटचा राष्ट्रीय पुरस्कार बंद केला, तेव्हा काही प्रादेशिक सरकारांनी त्याला उघड विरोध केला.

माद्रिदचे सुमारे २३ हजार प्रेक्षकांचे लास व्हेंतास रिंगण मे महिन्यातील सान इसिद्रो उत्सवात आजही गजबजते. मातादोर स्वेच्छेने आपला जीव पणाला लावतो. बैलाला मात्र तशी निवड नसते. वादाचे मूळ नेमके येथेच आहे.